वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही

शालिनीताई साळवे यांनी मला लिहायला बसवलं. बाकी जे सांगायचं आहे ते यानंतर. माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढे सही करणं, गाडीचे कागद भरणं यापलीकडे माझ्या हातात पेन आलं नव्हतं. हा लेख पेपरच्या पुरवणीत छापतील की नाही, छापला तर शिकलेली माणसं त्यातल्या चुका काढतील का, ही धाकधूक लिहितानाही आहे. पण ज्यांच्यामुळे मला चार ओळी सरळ लिहिता येतात त्यांचं नाव पहिल्या ओळीत यावं, तेवढं तरी माझ्या हातात आहे.

ताई गेल्याची बातमी आली तेव्हा सकाळ होती. मस्कतजवळ अल मवालेहला भाजीपाल्याची मोठी मंडई आहे, तिथे मी गाडीत माल भरून घेत होतो. मी थंडपेटीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. मंडईतून भाजी-फळं उचलायची आणि बरका या गावापर्यंतच्या दुकानांना पोचवायची, हे माझं काम. मागून 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, चाललेलं, पुढची गाडी हॉर्न मारतेय, आणि फोन वाजला. नगरहून साळवे सरांचा, म्हणजे ताईंच्या मिस्टरांचा. मी 'हां सर' म्हटलं. मग सर म्हणाले, "मनोहर, बसलायस का रे?"

तेवढ्यावरच मला कळलं.

"उभा आहे, सर."

"मग आधी बस बाबा कुठेतरी. मी थांबतो."

मी कांद्याच्या गोणीवर बसलो. मग सरांनी सांगितलं. शांतपणे सांगितलं, घाई केली नाही. माझा अर्बाब, म्हणजे मालक, लांबून बघत होता. त्याने काही विचारलं नाही, पोऱ्याच्या हाती पाण्याची बाटली पाठवली आणि पुढच्या गाडीवाल्याला हाताने थांब म्हटलं... मी त्या गोणीवर बराच वेळ बसून होतो. सर पन्नाशीचे, अकाउंटचे माणूस, बोलायला कमी. 'बसलायस का' हे त्यांचं वाक्य नव्हे. ते ताईंचं. बायको गेल्यावर तिचंच वाक्य उसनं घेऊन ते मला ती गेल्याचं सांगत होते.

ताईंची माझी ओळख झाली माझ्या बोटामुळे. मला ओमानला येऊन फार दिवस झाले नव्हते. बरक्यात माल उतरवताना गाडीच्या दारात करंगळी सापडली, रक्त थांबेना, म्हणून जवळच्या दवाखान्यात गेलो. मनात एकच धास्ती, बोटाला काही झालं तर गाडी कोण चालवणार आणि मला घरी पाठवलं तर काय. बाकावर बसून मी मनातल्या मनात रडत होतो म्हटलं तरी चालेल. समोर एक म्हातारे ओमानी बाबा काठीवर हात ठेवून बसले होते. डॉक्टर आले, उभ्याउभ्या दोन वाक्यं बोलले आणि गेले. बाबांना काही कळलं नसावं, ते इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात आतून एक बुटकीशी नर्स आली. हातात गोल स्टीलचं स्टूल. तिने ते बाबांच्या पुढ्यात ठेवलं, त्यावर बसली. तिचं डोकं बाबांच्या छातीपाशी आलं. त्यांच्याकडे मान वर करून तिने मोडक्यातोडक्या अरबीत हळूहळू काही सांगितलं. बाबांनी डोक्याचं फडकं सोडवून तोंड पुसायला घेतलं, तेव्हा त्यांची काठी तिने स्वतःच्या हातात धरली. त्यांचं तोंड पुसून होईपर्यंत ती काठी धरून बसून राहिली. मला शब्द एक कळला नाही, पण त्यांचं कोणीतरी गेलं हे कळलं, आणि ते नीट सांगितलं गेलं हेही कळलं.

मग तीच नर्स माझं बोट बघायला आली. खिशावरचं नाव वाचून मी मराठीत म्हटलं, "सिस्टर, बोट राहील ना?"

"राहील. पण दारात बोट घालायची काय गरज होती? चोरी करत होतास?"

मी हसलो आणि तेवढ्यात तिने टाका घातलासुद्धा. माझ्या शर्टाच्या खिशात एक चुरगाळलेला पेपर होता. त्याची गंमत अशी की, आपल्याकडून डाळिंबांची खोकी येतात त्यात तळाला जुने मराठी पेपर घातलेले असतात. बाकीचे ड्रायव्हर ते फेकतात. मी हाताने सरळ करून खिशात ठेवायचो आणि माल उतरेपर्यंत वाचायचो. गावाकडचा एवढाच काय तो माणूस माझ्याशी बोलायचा म्हणा ना. ताईंनी तो कागद काढून बघितला. रविवारची गोष्ट होती, दोन बहिणी आणि आईच्या मागे राहिलेलं एक शिवणयंत्र. खालचा कोपरा डाळिंबाच्या रसाने कुजून फाटलेला.

"शेवटी काय होतं?"

"फाटलंय."

"ते दिसतंय. तू सांग ना काय होतं."

"मी कसं सांगू? ...धाकटी मशीन घेऊन जात असेल."

"आणि थोरली?"

मी फाटलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. ताई पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "मस्कतमध्ये दार्सैतला राहते मी, देवळाच्या मागच्या गल्लीत. शुक्रवारी ये. थोरलीचं काय झालं ते सांगितलंस तर जेवायला घालीन."

अशी सुरुवात झाली. शुक्रवारी सकाळी ताई चर्चमधून येत, साडी बदलत, आणि स्वयंपाकघरात असंच एक गोल स्टील स्टूल होतं त्यावर बसत. त्याची गादी फाटली होती आणि तिला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. मला मात्र खुर्ची. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. "ताई, तुम्ही वर बसा," मी म्हणायचो. "मला इथून बरं दिसतं," त्या म्हणायच्या. खालून कृष्णाच्या देवळातून येणाऱ्या लोकांच्या चपलांचा आवाज, आत कुकरचा आवाज, सर दिवाणावर पेपर घेऊन, आणि मी फाटलेल्या गोष्टींचे शेवट वाचून दाखवतोय. ताई नगरच्या, मी रत्नागिरीकडचा. त्या हुलग्याचे शेंगोळे करायच्या. मी एकदा म्हटलं, आमच्याकडे याला कुळीथ म्हणतात आणि त्याचं पिठलं करतात, ही असली वळकटी करत नाहीत. "तुम्हा कोकण्यांना धीर नाही रे," ताई म्हणाल्या, "म्हणून तुझ्या गोष्टीपण पिठल्यासारख्या, लगेच तयार." सर पेपरामागून म्हणाले, "तिच्या गोष्टीत शेवटी सगळे जेवायला बसतात, ते सांग तिला."

ते खरं होतं. इथल्या मराठी लोकांचा एक छोटा दिवाळी अंक निघतो, झेरॉक्स करून वाटतात. ताईंची गोष्ट त्यात दरवर्षी असायची. सासूचं आणि सुनेचं भांडण, हरवलेला पासपोर्ट, नवऱ्याने चुकून दुसऱ्याची बॅग आणली... आणि शेवटी सगळे जेवायला बसलेले. लोक हसायचे, थोडी थट्टाही करायचे. मलाही वाटायचं, ही बाई रोज दवाखान्यात काय काय बघते, आणि लिहिते काय तर बॅगेची अदलाबदल! एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वॉर्डातलं वॉर्डात. ती माणसं माझ्यापुढे उघडी पडतात ती बरं व्हायला, गोष्टीत यायला नाही." मला ते तेव्हा पळवाट वाटली. तोंडावर बोललो नाही.

मग दिनेशचं झालं. दिनेश हे त्याचं खरं नाव नव्हे, गावही मी सांगणार नाही. आम्ही एका खोलीत राहायचो, तो एसी दुरुस्तीच्या कामावर होता. हसरा, सगळ्यांना नावं ठेवणारा, खोलीतला मासळीचा स्वयंपाक त्याचाच. त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. का, ते आम्हाला कळलं नाही, आजही नाही. कंपनीच्या माणसाने घरी फोन करून हार्ट अटॅक सांगितला आणि खोलीतले आम्ही सगळे म्हणालो, बरं केलं, आता आपणही हेच सांगायचं. आईला काय फरक पडतो, असं कोणीतरी म्हणालं. मला त्यानंतर झोप लागेना. बोलायला कोणी नाही म्हणून मी लिहायला घेतलं. एका बैठकीत सगळं लिहून काढलं. खोलीचं दार, दार कसं उघडलं, आत काय दिसलं, सगळं, एक एक करून. खोलीतल्या पोरांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मन्या, काटा आला अंगावर. छाप, छापच हे." दिवाळी अंकवाल्यांना कुठून कळलं कुणास ठाऊक, त्यांचाही फोन आला, असं जबरदस्त काहीतरी हवंच होतं म्हणाले. मला भीती वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, छान पण वाटत होतं. आठवी नापासाचं लिखाण कुणीतरी मागतंय.

शुक्रवारी मी ते ताईंना वाचून दाखवायला घेतलं. त्या स्टुलावर. पहिलं पान ऐकलं, दुसरं ऐकलं, मग उठून त्यांनी गॅस बंद केला.

"थांब. यात तू कुठे आहेस?"

"मी? दारात. तसंच झालं होतं ना, मी दारात होतो."

"म्हणजे उभा आहेस. तुझ्या मागे सगळी गल्ली उभी आहे, ती पण बघतेय. हे तू उभ्याने लिहिलंयस, मनोहर."

ताईंनी मला खुर्चीवरून उठवलं, स्टुलावर बसवलं आणि रिकामी खुर्ची माझ्यासमोर ओढली. "नर्सिंगला पहिल्या वर्षी आमच्या मेट्रन बाईंनी शिकवलं होतं, वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही. ज्याला सांगायची त्याच्यापेक्षा खाली बसायचं. आता या खुर्चीत त्याची आई बसलीय. तिला वाचून दाखव."

"ती कशाला वाचतेय, ताई..."

"वाच तू."

मी वाचायला लागलो. दिनेश सगळ्यांच्या लुंग्यांना नावं ठेवायचा ते वाचलं. गॅरेजवाल्याची नक्कल करायचा ते वाचलं. मग दाराचं पान आलं. मी खुर्चीकडे बघितलं. एक शब्द निघेना. पुन्हा घसा साफ करून सुरुवात केली, पुन्हा तिथेच. सरांनी पेपर खाली ठेवला होता. मग ताई म्हणाल्या, "आवाज अडला तिथून पुढचं तुझं नाही. ज्याचं आहे त्याला ते परत दे."

मला राग आला. आलाच. मी म्हणालो, "म्हणजे खरं लिहायचंच नाही? तुमच्यासारख्या बॅगा बदलायच्या फक्त? तुमच्या गोष्टीत कधीच कोणी मरत नाही ताई. तुम्ही घाबरता."

सर म्हणाले, "अरे ए..."

"बोलू द्या त्याला," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरते. माझं एक दार आहे, ते मी गोष्टीत उघडत नाही, उघडणार पण नाही. ते माझं मी ठरवलंय. दुसरी कोणी म्हणेल मी उघडते, तर तिने उघडावं. मी काळोखाला नाही म्हणत नाही रे. लिही ना. पण तुझ्या या पानांत खोली दिसते, दार दिसतं, गर्दी दिसते. दिनेश कुठाय?"

मी कागद घडी करून खिशात घातले आणि न जेवता निघालो. जिन्यात ताईंचा आवाज आला, "शेंगोळे डब्यात घालून देऊ का?" मी ओ दिली नाही. चार शुक्रवार गेलो नाही. अंकवाल्यांचा फोन यायचा, मी देतो देतो म्हणायचो. पण प्रत्येक वेळी कागद काढले की ती रिकामी खुर्ची दिसायची. शेवटी पाचव्या शुक्रवारी त्यांना म्हटलं, यंदा नको. आणि दार्सैतला गेलो. ताईंनी दार उघडलं, "ये, कोकणी," एवढंच म्हणाल्या आणि ताट वाढलं.

पुढच्या वर्षी मी रजेवर गावी गेलो. दिनेशचं गाव आमच्यापासून लांब नाही. जायचं तर होतं, पण जिभेवर काय ठेवून जायचं तेच कळेना. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सांगच असं मी म्हणणार नाही. तिला ऐकायचं नसेल तर तेही तुला कळेल. पण जा, आणि बस."

दिनेशची आई पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी खजूर आणि साबणाच्या वड्या ठेवल्या आणि खाली सारवलेल्या जमिनीवर बसलो. ती बाकड्यावर. तिने सूप बाजूला ठेवलं, मला न्याहाळलं.

"तू बसलास," ती म्हणाली. "तिकडनं आलेली समदी पोरं येतात, खजुराची पिशवी ठेवतात नि पायरीवरनंच जातात. बसा म्हटलं तं घाई. तू बसलास, म्हंजे तू सांगनार."

मी मान खाली घातली.

"मला म्हाईत हाय रं बाबा. फोनवरचा माज्या पोराचा आवाज मी ऐकत नव्हते काय? हार्ट नि बिर्ट... त्येचं काळीज मला म्हाईत हुतं. कोन तरी येईल नि बसंल, म्हनून वाट बगत हुते."

मी सांगितलं. थोडंच सांगितलं. दाराचं सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. तिने एकच विचारलं.

"जेवला हुता काय त्या दिवशी?"

जेवला होता. सकाळी मंडईशेजारून सुरमई आणली होती, त्याने कालवण केलं होतं, त्यात कोकम जास्त पडलं म्हणून आम्ही त्याला शिव्या घातल्या होत्या आणि तो म्हणाला होता, आईच्या हाताने असंच होतं, आंबट लागलं तर कुणी जेवू नका. स्वतः दोनदा भात घेतला होता. हे सगळं मला आठवत होतं, आणि माझ्या त्या सगळ्या पानांत यातलं एक अक्षर नव्हतं. दार होतं. भात नव्हता. मी हे तिला सांगितलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली की रडली, कळलं नाही. म्हणाली, "कोकम जास्तच घालायचा तो. मी वरडायचे." मी निघताना तिला विचारलं, आये, मी कधीमधी लिहितो. त्याचं लिहू का? ती म्हणाली, "लिव. नाव नको घालूस. नि जेवला हुता ते लिव."

परत आल्यावर मी गोष्ट नव्याने लिहिली. त्यात माणूस जातो, तोही त्याच्या मनाने जातो, ते लपवलं नाही. पण गोष्ट कालवणापाशी थांबते. ताईंना वाचून दाखवली तेव्हा मी स्टुलावर बसलो आणि त्या खुर्चीत. न अडता वाचून झाली. ताई सरांना म्हणाल्या, "ऐकलंत? याच्या गोष्टीतपण जेवायला बसले शेवटी." आणि डोळे पुसत पुसत आत गेल्या. अंकात ती आली. खोलीतली पोरं म्हणाली, पहिलीसारखी जबर नाही. असेल. छापील पानं मी दिनेशच्या घरी पाठवली, त्याच्या भाचीने आजीला वाचून दाखवली. हा लेखही पाठवायच्या आधी मी त्या भाचीला फोनवर वाचून दाखवलाय, आजीला विचारायला सांगितलंय. आजी हो म्हणाली.

मला नेहमी वाटायचं, ताई दुसऱ्यांना बातम्या सांगतात, त्यांची बातमी त्यांना कोण सांगेल. ती त्यांनी स्वतःच मला सांगितली. एका शुक्रवारी मी गेलो तर त्या ओट्यापाशी कप धूत होत्या. वजन उतरलेलं मला दिसत होतं, पण विचारायची हिंमत नव्हती. पाठ माझ्याकडे, नळ चालू, आणि त्यातच म्हणाल्या, "मनोहर, नगरला जायचंय आता. पोटात काहीतरी वाढलंय ते चांगलं नाही. कापून बघणार आहेत, पण मला रिपोर्ट वाचता येतात." आणि पुढचा कप घेतला धुवायला.

माझ्या तोंडातून निघालं, "ताई, तुम्ही उभ्याने सांगितलंत."

नळ बंद केला त्यांनी. वळून हसल्या. "आपली आपण सांगायची तर चालते उभ्याने. बसले तर उठणार नाही मी." मग हात पुसत म्हणाल्या, "एक काम करशील? माझ्यावर कधी लिहिलंस तर हसायची गोष्ट लिही. ते फुलं, हार, देवमाणूस वगैरे नको. मी बॅगा बदलणारी बाई आहे."

मी हो म्हणालो. त्यावेळी माणूस काय, कशालाही हो म्हणतो.

विमानतळावर मीच सोडलं दोघांना, अर्बाबला सांगून भाजीच्याच गाडीतून. ताई पुढे बसल्या, मांडीवर पर्स, मागे पेटीत काकड्या. "शेवटी भाजीबरोबर निर्यात झाले बघ," म्हणाल्या. सर रडत होते आणि हसत होते. त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, आवाज बारीक होत गेला. मला जाता आलं नाही. रजा मिळत नव्हती आणि मागून घेण्याची छाती झाली नाही, व्हिसाची भीती, नोकरीची भीती, माझ्या सगळ्या नेहमीच्या भीत्या. नगरला त्यांना माती दिली तेव्हा मी बरक्यात टोमॅटो उतरवत होतो.

मध्यंतरी सर दार्सैतचं घर आवरायला दोन दिवस आले. मी मदतीला गेलो. भांडी बांधली, कपडे दवाखान्यातल्या मुलींना दिले. शेवटचे दिवस कसे गेले ते सरांनी मला सांगितलं, मी खाली बसून ऐकलं. ते मी इथे लिहीत नाही. लिहून बघितलं होतं, पण खुर्चीत ताईंना बसवून वाचायला गेलो आणि अडलो. परत देऊन टाकलं.

मग सर म्हणाले, "ती म्हणायची ना, तिचं एक दार आहे म्हणून. काय होतं ते मला माहीत आहे. तू लिहितोस, तुला सांगू का? आता ती नाही."

मला एवढं ऐकावंसं वाटलं म्हणून सांगू... इतकी वर्षं मी अंदाज करत होतो. एखादं मूल असेल, एखादा पेशंट असेल, घरचं काही असेल. पण मी म्हणालो, "नको सर. त्यांनी दिलं असतं तर घेतलं असतं."

सर उठले. मग स्वयंपाकघरात गेले आणि ते स्टूल घेऊन आले. "हे तरी घे," म्हणाले. "हे तिने दिलंय असं समज. सारखी म्हणायची, याला खुर्चीत बसवलं की हा खोटं बोलतो."

ते स्टूल आता माझ्या खोलीत आहे. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यावर भाताचा कुकर ठेवला, मी उचलून खाली ठेवला. आता कुणी ठेवत नाही, पण चेष्टा करतात, "मन्याचं सिंहासन." चिकटपट्टीचं एक टोक सुटलंय, ते मी रोज अंगठ्याने दाबतो आणि ते रोज सुटतं. हा लेख मी त्यावर बसून लिहिला, कागद कॉटवर ठेवून. समोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय, रिकामी. लिहून झालं की एकेक पान मोठ्याने वाचतो. जिथे अडलो ते खोडलंय, म्हणून मधेमधे गोष्ट तुटल्यासारखी वाटली तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. तिथे काही लपवलेलं नाही, माझं नव्हतं ते ठेवलं नाही इतकंच.

हसायची गोष्ट काही झाली नाही, ताई. हे आत्ता वाचतानाही खुर्चीतून तुम्ही तोंड वाकडं करताय ते मला दिसतंय. एवढी एक गोष्ट मी तुम्हाला देणं लागतो, आणि ती मी देणार. आज नाही जमत, अजून मधेच अडतो. पण एक दिवस लिहीन. एका बुटक्या नर्सची, भाजीच्या गाडीतून विमानतळावर जाणारी, बॅग नक्की बदललेली. आणि शेवटी सगळे जेवायला बसतील. सर बसतील, ते म्हातारे बाबा काठी बाजूला ठेवून बसतील, तुम्ही या स्टुलावर. दिनेश वाढायला असेल. कालवणात कोकम जास्त पडलं म्हणून तुम्ही सगळे त्याला शिव्या घालाल... आणि मी ते तुम्हाला एकदाही न अडता वाचून दाखवीन.